पावसात स्टेअरिंग धरायची भीती : कऱ्हाड–पाटण रस्त्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका त्रेचाळीस वर्षांच्या माध्यमिक शिक्षिकेचं आहे. घर कऱ्हाडला, शाळा पाटणला, माहेर चिपळूणला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलेलं आणि ठरवलेलं मात्र तसंच ठेवलं आहे. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, इथेही तेच म्हटलं आहे.

बाई अकरा वर्षं गाडी चालवत होत्या. छोटी पेट्रोल हॅचबॅक, रोज कऱ्हाड ते पाटण जाताना पस्तीसेक किलोमीटर आणि येताना तेवढेच, सोबत पेट्रोल वाटून घेणाऱ्या दोन सहकारी. वर्षातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या सगळ्या काळात एकही अपघात नाही.

या रस्त्याचा स्वभाव आधीच सांगायला हवा, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. कऱ्हाड सोडून पश्चिमेला जाल तसा पाऊस वाढत जातो. कऱ्हाडात भुरभुर असते तेव्हा मल्हारपेठला वायपर सतत चालू ठेवावा लागतो, पाटणला झड लागलेली असते आणि कोयनानगरला कधी कधी बोनेटच्या पुढचं दिसत नाही.

घटना

जुलैमधली संध्याकाळ. साताऱ्याचं प्रशिक्षण आटोपून बाई एकट्याच कऱ्हाडकडे निघाल्या होत्या. पुणे–बंगळूर महामार्गावर, उंब्रजच्या अलीकडे, पाऊस जोरात होता. वेग ८५च्या आसपास. त्या रस्त्यावर तो कोणाला जास्त वाटणार नाही. एका ट्रकला ओलांडून त्या उजव्या लेनमध्येच राहिल्या. दुभाजकालगत साचलेलं पाणी अंधुक उजेडात दिसलं नाही. स्टेअरिंग अचानक हलकं झालं. बाईंनी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढलं. गाडीची मागची बाजू फिरली आणि गाडी दुभाजकाला घासत आडवी थांबली. नुकताच ओलांडलेला ट्रक मागून हॉर्न देत आला आणि काही फुटांवर थांबला.

कोणाला खरचटलंही नाही. बंपर, एक दरवाजा आणि हेडलाइट गेला, विम्यातून काम झालं. घरच्यांनी नारळ फोडला आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चालवलं.

पुढचे दहा महिने

पहिले दोन-तीन आठवडे झोप मोडायची, हॉर्न ऐकला की दचकायला व्हायचं. अशा प्रसंगानंतर हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं महिन्याभरात आपोआप ओसरतं. बाईंचंही ओसरलं, एक गोष्ट सोडून. काचेवर थेंब पडला की त्या गाडी चालवत नव्हत्या.

नवरा म्हणायचा, "अगं राहू दे, मी सोडतो." त्यांचं कऱ्हाडात औषधांचं दुकान आहे. उरलेला पावसाळा ते बायकोला पाटणला सोडून परत येत आणि नऊचं दुकान साडेदहाला उघडत. सहकारी शिक्षिका एसटीने जाऊ लागल्या. ऑक्टोबर ते एप्रिल बाई नेहमीसारख्या गाडी चालवत होत्या, त्यामुळे भीती गेली असं घरात सगळ्यांना वाटत होतं. खरं तर पाऊस नव्हता, एवढंच.

मेमध्ये वळीव आला. मलकापूरजवळ गाडीत असताना छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या. गाडी पेट्रोल पंपावर लावून त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याच आठवड्यात चिपळूणच्या आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली होती आणि शाळा सुरू व्हायला महिना उरला होता. बदलीचा अर्ज लिहायला घेतला, तेव्हा एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे गेल्या.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या भेटीत आधी आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार) आहे का ते पाहिलं. त्यासाठी पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी वापरतात. तिचे गुण शून्य ते ८० असतात आणि ३१ ते ३३च्या पुढे गेल्यास सखोल तपासणी लागते. बाईंचे २२ आले. रात्रीची दुःस्वप्नं नव्हती, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असं होत नव्हतं, उमेद गेलेली नव्हती. भीती एकाच परिस्थितीपुरती होती, सहा महिन्यांहून जास्त टिकली होती आणि तिने नोकरी व घर दोन्ही अडवलं होतं. निदान झालं ते विशिष्ट भयगंडाचं. उलट निघालं असतं, म्हणजे दुःस्वप्नं, प्रसंगाची उसळी, अपघातात कोणी दगावलेलं, दारू वाढलेली किंवा जगणं नकोसं वाटणं, तर गाडीत बसवायच्या आधी आघातावरचे वेगळे उपचार करावे लागले असते. यातलं काही स्वतःत दिसत असेल तर वाट पाहू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या भेटीत बाईंना विचारलं, की भीती वाटते तेव्हा तुम्ही नेमकं काय करता? उत्तरं लिहून काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. वाटेत पावसाने गाठलंच तर महामार्गावर २५-३०च्या वेगाने डावीकडून चालायचं. चारही इंडिकेटर लावून ठेवायचे. प्रत्येक डबक्याआधी ब्रेक. दर दोन सेकंदांनी आरशात बघायचं. फोन स्पीकरवर, पलीकडे नवरा.

यातल्या निम्म्या गोष्टींनी धोका खरोखर वाढत होता. महामार्गावर तीसने चालणारी गाडी मागच्याला उशिरा कळते. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणं ही पावसाळ्यात आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे. त्यामुळे तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला समजत नाही, आणि खरोखर थांबलेली गाडी कोणती तेही कळत नाही. पावसात हेडलाइट लो बीमवर लावावेत आणि इंडिकेटर वळण्यापुरते ठेवावेत.

भीती टिकून का राहिली, हे कोडं नाही. टाळल्यावर लगेच हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ साली हे मांडलं आणि आजही भयगंडाच्या उपचाराचा पाया तोच आहे. नवऱ्याची माया खरी होती. पण दर पावसाळी सकाळी तिचा परिणाम हाच होत होता.

आधी गाडी

इथे पहिला महत्त्वाचा निर्णय झाला. मानसशास्त्रज्ञांनी विचारलं, की त्या संध्याकाळी गाडी फिरली कशामुळे? बाईंचं उत्तर तयार होतं, "मला चालवता येत नाही म्हणून." दहा महिन्यांत कोणी टायर पाहिले नव्हते. उपचार सुरू करण्याआधी गाडी एका अनुभवी मेकॅनिककडे पाठवली.

पुढचे दोन टायर अपघाताच्या तीन महिने आधी नवे टाकलेले होते. मागचे जुने, खाचांची खोली जेमतेम २ मिमी. १.६ मिमीला टायर कायद्याने बाद होतो, पण साचलेल्या पाण्यात ३ मिमीच्या खालीच त्याची पकड झपाट्याने कमी होते. हवा चारही चाकांत २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेली. अपघातानंतर दुरुस्तीला गेलेल्या गाडीच्या हवेकडेही कोणी पाहिलं नव्हतं.

आता हिशेब. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की टायरला ते पाणी खाचांतून बाजूला सारावं लागतं. वेग वाढला की त्याला वेळ पुरत नाही आणि टायर पाण्यावर चढतो. तेव्हा ना ब्रेक लागतो, ना स्टेअरिंग. विमानांच्या चाकांवर झालेल्या अभ्यासातून निघालेलं ढोबळ सूत्र असं आहे, की हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३३ पीएसआयला तो ताशी ९५ किमीच्या आसपास येतो, २६ला ८५च्या आसपास. टायर झिजलेला असेल तर त्याच्याही खाली. बाईंचा वेग ८५ होता.

आणि गाडी फिरली का? पुढे नवे टायर होते, त्यामुळे पुढच्या चाकांची पकड बरीचशी टिकली, मागची सुटली. त्यात ब्रेक दाबल्यावर वजन पुढे गेलं, मागची बाजू आणखी हलकी झाली आणि स्टेअरिंग वळवल्यावर ती बाहेर फेकली गेली. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते पुढे टाकून मिळतात, कारण पुढचे लवकर झिजतात आणि गिऱ्हाइकालाही तेच पटतं. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि एक्सलेटर सोडल्यावर बऱ्याचदा सावरते. मागची सुटली तर सराव नसलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही.

बाई विज्ञान शिकवतात. सूत्र त्यांनी स्वतः वहीत सोडवून पाहिलं. ठपका गेला, आणि त्याचा फायदा मोठा होता. पण एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायला हवी. कारण कळल्याने भीती गेली नाही. दुसऱ्या दिवशीच्या सरीत छाती तितकीच धडधडली. समजूत पटते डोक्याला. शरीर मात्र अनुभवातूनच शिकतं.

गाडीचं काम असं झालं. मागे दोन नवे टायर, हवा ३३ (दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासायची), नवी वायपर ब्लेड, काच आतून-बाहेरून साफ करून तेलकट थर काढणं, हेडलाइटची पातळी. काच आतून धुरकटली की एसी चालू, बाहेरची हवा आत घेणारं बटण आणि झोत काचेकडे. बाहेरून धुरकटली तर एसीची थंडी कमी करून वायपर फिरवायचा. हा फरक अनेकांना माहीत नसतो. कोकणात उतरताना बाहेरून धरलेली वाफ ते आतून पुसत बसतात.

कोणते पर्याय होते

पावसाळ्यात गाडी बंद ठेवून एसटीने जावं, हा पर्याय बाईंना सोयीचा वाटत होता. त्यात चूक काही नाही, लाखो लोक तेच करतात. पण शाळा सुटल्यावरची बस त्यांना घरी उशिरा पोहोचवत होती, चिपळूणला आईकडे एकाएकी जायचं झालं तर हाताशी काही उरत नव्हतं, आणि भीती मेच्या वळवापर्यंत पोहोचली होती. पुढे ती ढगाळ दिवसापर्यंतही आली असती.

फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी गोळी लिहून दिली होती, "निघायच्या आधी अर्धी घ्या." हा सल्ला पाळला गेला नाही, ते बरं झालं. या गटातल्या गोळ्यांनी झापड येते, प्रतिक्रिया मंदावते आणि ती घेऊन गाडी चालवणं धोक्याचं असतं. शिवाय गोळीच्या आधाराने केलेल्या फेरीत मेंदू शिकतो ते इतकंच, की गोळी होती म्हणून वाचलो. मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. नैराश्य नसल्याने रोजच्या औषधाची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं.

फक्त ड्रायव्हिंग स्कूलचे धडे पुरले असते का? कौशल्यात एक उणीव होतीच. पाण्यावर गाडी सुटली की ब्रेक दाबू नये, एक्सलेटर हळू सोडावा, स्टेअरिंग सरळ धरावं आणि टायर टेकेपर्यंत थांबावं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण भीती हातापायांत शिरलेली असताना शिकवलेलं त्या क्षणी आठवत नाही. म्हणून दोन्ही एकत्र करायचं ठरलं. मानसशास्त्रज्ञ आणि एक ड्रायव्हिंग प्रशिक्षक, दोघांनी मिळून, पायरीपायरीने पावसाला सामोरं जायचं.

कामाला सुरुवात

भीती शून्य ते दहा अशी मोजायची. प्रत्येक फेरीआधी कार्डावर तीन ओळी: काय होईल असं वाटतं, त्याची खात्री किती टक्के, भीतीचा आकडा किती. परत आल्यावर चौथी ओळ, प्रत्यक्षात काय झालं. या कार्डावर भर देण्याचं कारण आहे. आकडा खाली येईपर्यंत बसून राहावं, अशी जुनी पद्धत होती. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर भर सरकला तो अपेक्षा खोटी ठरण्यावर. भीती पाचावर असतानाही "जे होईल वाटलं ते झालं नाही" हे मेंदूत नोंदवलं गेलं, तर फेरी कामी आली.

पहिल्या पायऱ्या अशा. पावसात दारात उभ्या गाडीत अर्धा तास, इंजिन बंद, वायपर चालू. घरी बसून त्या संध्याकाळचा वृत्तांत वर्तमानकाळात लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. मग कॉलनीतल्या फेऱ्या. त्यानंतर प्रशिक्षकांच्या जोड पेडलच्या गाडीतून मोकळ्या ओल्या डांबरी जागेवर ताशी ३० आणि पुढे ४०च्या वेगाने कचकन ब्रेक. एबीएस (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागला की पायाखाली पेडल थरथरतं आणि खडखड आवाज येतो. बाईंच्या गाडीत एबीएस होतं, पण ती थरथर त्यांनी फक्त अपघातात अनुभवली होती आणि गाडी मोडली असं त्यांना वाटलं होतं. "हे असंच होतं? मग मोडलं नव्हतं काही?" या ठिकाणी भीती दोन फेऱ्यांत सातवरून तीनवर आली. एवढी जलद उतरण पुढे कुठेच मिळाली नाही.

त्यानंतर रस्ता. आधी सुपने, मग मल्हारपेठ, मग पाटण. पाऊस कमी-जास्त करायला वेगळी युक्ती नको होती, किलोमीटर वाढवले की पाऊस वाढत होता. सुरुवातीला प्रशिक्षक शेजारी, मग मागच्या सीटवर, मग मागून दुसऱ्या गाडीत, शेवटी एकट्या. नवऱ्याशी ठरलं, की फेरी चालू असताना फोन करायचा नाही आणि उचलायचाही नाही. त्यांना हे बाईंपेक्षा जड गेलं.

वेगाचा नियम साधा. जोराच्या पावसात ६०, आणि पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर, म्हणजे ६०च्या वेगाला साधारण ६५ मीटर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लागायचं. चार व्हायच्या आत खांब आला तर अंतर कमी आहे. दुभाजकालगतची लेन टाळायची, पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी सारलेल्या पट्ट्यातून जायचं. उन्हानंतरच्या पहिल्या सरीत अर्धा तास जास्त सावध राहायचं, कारण तेल आणि धूळ वर येऊन रस्ता निसरडा होतो.

अडलं कुठे

तीन आठवड्यांत बाई भर पावसात पाटणपर्यंत एकट्या जाऊ लागल्या. भीतीचा आकडा तीनवर होता. ठरल्याप्रमाणे पुढची पायरी महामार्गाची, तीही भुरभुर पावसात, म्हणजे कागदावर सोपी. तिथे आकडा थेट नऊवर गेला. पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच.

यादी पावसाच्या जोरावर रचली होती. सगळ्यांना ते उघड वाटलं होतं, बाईंनाही. कार्डं पुन्हा वाचली तेव्हा "काय होईल असं वाटतं" या ओळीत एकच गोष्ट वारंवार सापडली: मागून ट्रक येईल. पाटण रस्त्यावर ट्रक कमी आणि सावकाश. महामार्गावर आरशात सतत ट्रक. बाईंच्या मनात गाडी घसरण्यापेक्षा खोल रुतला होता तो त्यानंतरचा क्षण: आडव्या गाडीतून काचेबाहेर दिसलेला रेडिएटर आणि हॉर्न. पाऊस त्या क्षणाची खूण होता.

मग यादी नव्याने केली. कोरड्या दिवशी, महामार्गाच्या डाव्या लेनमध्ये, ६०-७०च्या वेगाने, मागे ट्रक येऊ द्यायचा आणि त्याला वाट न देता चालत राहायचं. आरशात बघायचं ते पाच ते आठ सेकंदांनी एकदा, जसं कोणताही चालक बघतो. घरी एअर हॉर्नचा आवाज मोबाइलवर. मग तेच ओल्या रस्त्यावर. मग उंब्रजजवळची ती जागा, दोन्ही दिशांनी, आणि शेवटी जोराच्या पावसात. या नव्या यादीच्या पहिल्याच कोरड्या फेरीत आकडा आठ होता, म्हणजे वर्षभर "कोरड्यात काही त्रास नाही" असं म्हटलं जात होतं ते पूर्ण खरं नव्हतं. बाई कोरड्यातही महामार्ग शक्यतो टाळत होत्या. कोणी विचारलं नव्हतं.

पाऊस वेळेवर येत नाही

या उपचाराची व्यावहारिक अडचण पुस्तकांत फारशी नसते. लिफ्टची भीती असेल तर लिफ्ट रोज मिळते. पाऊस मंगळवारी पाचला बोलावता येत नाही. म्हणून आठवड्यातले तीन दिवस दुपारी तीन ते सहा दोघांनी मोकळे ठेवले आणि ढग आले की बाईंनी फोन करायचा. हवामान खात्याचं रडारचं चित्र तासाभराचा अंदाज यायला पुरेसं होतं.

ऑगस्टमध्ये पावसाने दोन आठवडे ओढ दिली आणि नंतरच्या पहिल्या सरीत आकडा तीनवरून सहावर आला. खंड पडला की भीती थोडी परतते, हे ठाऊक असल्यामुळे कोणी घाबरलं नाही. मधल्या काळात स्वयंचलित वॉशिंगमध्ये गाडीत बसणं आणि ट्रकच्या कोरड्या फेऱ्या चालू होत्या. त्या नसत्या तर उतरण आणखी लांबली असती.

जायचं की नाही

या प्रकरणात सर्वांत जास्त विचार इथे करावा लागला. इमारतीच्या गच्चीची भीती घालवताना गच्ची सुरक्षित असते. घाटातला पाऊस नेहमी सुरक्षित नसतो. कुंभार्लीत दरड येते, घाट बंद होतो. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा बाईंची आई तिथेच होती. २ ऑगस्ट २०१६ला महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, ते इकडे प्रत्येकाला आठवतं. "घाबरू नका, जा" असं सांगणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. आणि प्रत्येक वेळी बाईंनी गाडीत बसून ठरवायचं म्हटलं, तर भीतीच ठरवणार.

उपाय म्हणून आदल्या संध्याकाळी घरी, शांतपणे भरायचा एक तक्ता केला. सातारा घाटमाथ्याला किंवा रत्नागिरीला रेड अलर्ट असेल तर जायचं नाही. ऑरेंज असेल तर पाटण चालेल, घाट नाही. यलो किंवा हिरवा असेल तर जायचं, आणि हे "जायचं" तितकंच पक्कं. वाटेत बेत बदलायची कारणंही लिहून ठेवली: पोलिसांनी रस्ता अडवला, रस्त्यावरून पाणी वाहतंय, दरड किंवा झाड पडलंय, दिसतं त्या अंतरात गाडी थांबवता येत नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, कितीही उथळ वाटलं तरी. फूटभर पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं. पोटात गोळा येणं या यादीत नव्हतं.

तक्त्याची परीक्षा दोनदा झाली. एकदा बाई चिपळूणला जाताना घाटाच्या अलीकडच्या हेळवाकहून परत फिरल्या. धुकं इतकं की कडेचा दुसरा दगड दिसत नव्हता. तो योग्य निर्णय ठरला, कार्डावर तसंच लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या पाटणहून परत आल्या, पाऊस साधा होता. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "आज बरं वाटत नव्हतं." हे टाळणं होतं. त्यावर कोणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच वेळ, पुन्हा. दोन्ही माघारी बाहेरून सारख्याच दिसतात. कारणांची यादी आधी लिहिलेली नसती तर त्या वेगळ्या ओळखता आल्या नसत्या.

परिणाम

सप्टेंबरअखेर बाई पावसात पाटणला एकट्या जात होत्या, सहकारी शिक्षिका परत गाडीत बसू लागल्या, दुकान नऊला उघडू लागलं. महामार्गावर दिवसा, पावसात, भीती दोन ते तीन. चिपळूणला घाटातून एकदा एकट्या जाऊन आल्या, वर चढताना पाच, उतरताना चार. बदलीचा अर्ज दिला नाही. पुढच्या वर्षी वळवात आकडा पुन्हा पाचवर गेला आणि आठवडाभरात, कोणाच्या मदतीशिवाय, जागेवर आला. भीती शून्य झालेली नाही आणि ते उद्दिष्टही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

टायर पहिल्या आठवड्यात पाहायला हवे होते. दुरुस्ती करणाऱ्याने, घरच्यांनी, कोणीही. "मला येत नाही" ही समजूत दहा महिने मुरली नसती.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली असती तर ट्रकच्या कोरड्या फेऱ्या, ब्रेकचा सराव आणि लिखाण पावसाआधी संपलं असतं. पावसाळ्याच्या भीतीवर उन्हाळ्यात काम सुरू करावं, हे सुचवायला कोणी नसतं, कारण तेव्हा माणूस बरा असतो.

पहिल्याच भेटीत "सर्वांत वाईट क्षण कोणता" हे विचारून, बाईंकडून तो क्षणाक्षणाने वदवून घेतला असता, तर पावसाच्या यादीत गेलेले आठवडे वाचले असते. नवऱ्याला चौथ्या भेटीला बोलावलं, पहिल्याच भेटीला हवं होतं. जोड पेडलची गाडीही गरजेपेक्षा जास्त वापरली. प्रशिक्षकांच्या पायाखाली ब्रेक आहे, हाच बाईंचा आधार बनला होता आणि स्वतःच्या गाडीत आल्यावर आकडा दोनने वाढला.

दुसरं कोणी चालवत असताना शेजारी बसायची भीती यात हाताळलीच नाही. नवरा पावसात ऐंशीच्या वर गेला की बाईंचा पाय अजून नसलेला ब्रेक दाबतो. रात्रीचा महामार्गही बाकी आहे. समोरच्या हेडलाइटचा ओल्या काचेवरचा चकाकता पसारा हे वेगळंच कारण असू शकतं, म्हणून आधी डोळ्यांची तपासणी आणि मग ऑक्टोबरच्या कोरड्या रात्रींपासून नवी यादी, असं ठरलं आहे.